इसबगोलाचा साधा डबा, गोड पाकिटे आणि ‘हर्बल’ चूर्णे: काय घ्यावे, कसे घ्यावे

औषधाच्या दुकानात ‘पोट साफ होत नाही, काहीतरी द्या’ म्हटले की काउंटरवर साधारण तीन प्रकारचा माल येतो. पहिला सत इसबगोलाचा साधा डबा. त्यात नुसता भुसा असतो, साखर नाही की रंग नाही. दुसरा संत्र्या-लिंबाच्या चवीची पाकिटे, म्हणजे तोच भुसा दळून त्यात साखर किंवा कृत्रिम गोडी घातलेली. तिसरा ‘हर्बल’ चूर्णे आणि दाणेदार मिश्रणे. त्यांत इसबगोल असो वा नसो, खरे काम बहुतेक वेळा सोनामुखी ही रेचक वनस्पती करते. तिन्हींवर हिरवी पाने छापलेली आणि तिन्हींवर ‘नैसर्गिक’ लिहिलेले. आतड्यात गेल्यावर मात्र पहिले दोन एका जातीचे आणि तिसरा अगदी वेगळ्या जातीचा.

निकाल आधीच सांगून टाकू. रोज, महिनोन्महिने घ्यायचे असेल तर साधा डबा घ्यावा. प्रवासात किंवा चव अजिबात सोसत नसेल तर पाकिटे चालतील. तिसरा प्रकार हे रेचक औषध आहे आणि तो रोजच्या सवयीत बसवू नये. डबा कोणत्या कंपनीचा, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्याने, मात्रेने आणि वेळेने, आणि नेमक्या या तीन गोष्टी बहुतेक घरांत चुकतात.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. प्लँटॅगो ओव्हाटा या छोट्या रोपाच्या बीवरचे पातळ साल म्हणजे सत इसबगोल. पीक रब्बीचे, मुख्यतः गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातले. उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ, तर सिद्धपूर परिसरात साल काढण्याचे कारखाने. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि त्या दिवसांत अवकाळी पावसाची एक सर आली तरी बी शेतातच फुगते आणि माल हातचा जातो. बीच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग साल निघते, उरलेला गर गुराढोरांच्या खाद्यात जातो. भारत याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. अमेरिकेतले मेटाम्युसिल आणि ब्रिटनमधले फायबोजेल यांतही हाच भुसा असतो. त्यामुळे परदेशी राहणाऱ्या मुलाने पाठवलेला नारिंगी डबा ‘तिकडचे भारी औषध’ म्हणून जपून ठेवण्याचे कारण नाही.

व्यापारात भुशाचे ८५, ९५, ९८ आणि ९९ टक्के शुद्धता असे दर्जे चालतात. शुद्धता कमी म्हणजे बीचे तांबूस तुकडे आणि धूळ जास्त. डब्यावर हा आकडा दिसला तर ९५ किंवा त्याहून वरचा घ्यावा. नसेल तर डबा उघडून पाहावे: पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेल्या, होडीच्या आकाराच्या हलक्या पापुद्र्या हव्यात, तांबडे-काळे कण अगदी थोडे. औषधकोशाची अपेक्षा अशी की १ ग्रॅम भुसा पाण्यात फुगून किमान ४० मिलिलिटर जागा व्यापावा. घरी ढोबळ पडताळा घेता येतो. सपाट चहाचा चमचा भुसा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात उंच ग्लासात टाकावा. पहिला तासभर मधूनमधून ढवळावा आणि मग तीन तास हात लावू नये. निम्म्याहून अधिक ग्लास बुळबुळीत लगद्याने भरलेला दिसला तर माल ठीक. तळाशी तांबडा गाळ वेगळा बसला किंवा लगदा पाव ग्लासातच राहिला, तर तो डबा पुन्हा आणू नये.

अभ्यास काय सांगतात

झाडपाल्याच्या बहुतेक औषधांबद्दल ‘आजीच्या काळापासून’ एवढाच पुरावा हाती असतो. इसबगोलाचे तसे नाही. गोळ्या-औषधांना लावतात त्याच कसोटीवर, म्हणजे एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देऊन, तो अनेकदा तपासला गेला आहे.

शौच सैल ठेवण्याचे त्याचे काम कसे चालते ते आधी पाहू. अन्नातले विरघळणारे बरेच तंतू (फायबर) मोठ्या आतड्यातले जंतू खाऊन टाकतात आणि त्याचा वायू होतो. इसबगोलाचा लगदा जंतूंना फारसा पचत नाही. तो पाणी धरून ठेवत शेवटपर्यंत जातो, म्हणून कडक मळ मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. एकच वस्तू बद्धकोष्ठतेत दुधातून आणि ढाळ लागल्यावर दह्यातून का देतात, याचे उत्तर यात आहे. मळ मऊ करण्यासाठी डॉक्युसेट नावाचे औषध जगभर फार वापरले जाते. १९९८ सालच्या एका चाचणीत १७० रुग्णांवर दोघांची तुलना झाली. रोज दोनदा ५.१ ग्रॅम इसबगोलाने मळातले पाणी डॉक्युसेटपेक्षा जास्त वाढवले.

तपासणीत काही सापडत नाही, पण पोट कधी गच्च तर कधी ढिले आणि कायम दुखरे, अशा ‘आयबीएस’च्या रुग्णांसाठी २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला डच अभ्यास महत्त्वाचा. २७५ रुग्णांना बारा आठवडे रोज १० ग्रॅम इसबगोल, १० ग्रॅम गव्हाचा कोंडा किंवा नुसते तांदळाचे पीठ दिले. पहिल्या महिन्यात इसबगोल घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, पिठाच्या गटात ३५ टक्क्यांना. कोंड्याचा उपयोग कमी झाला आणि त्या गटातले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच बाहेर पडले. ‘चोथा खा, कोंड्यासकट खा’ हा सरसकट सल्ला आयबीएसवाल्याला भोवतो तो असा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात या आजारासाठी विरघळणारा तंतूच सुचवला आहे, कोंडा नाही.

मूळव्याधीतही पुरावा बरा आहे. सात चाचण्या आणि ३७८ रुग्ण एकत्र पाहता, तंतू घेणाऱ्यांमध्ये रक्त पडण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला. कोंब त्याने आत जात नाहीत. कुंथणे कमी होते, एवढेच त्याचे श्रेय.

कोलेस्टेरॉलवरचा परिणाम खरा आहे, पण तो जाहिरातीतल्याएवढा नाही. लगदा आतड्यात पित्ताम्ले अडकवून बाहेर नेतो, मग यकृताला नवी पित्ताम्ले बनवायला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. आधीच पथ्यावर असलेल्या लोकांच्या आठ चाचण्यांचा एकत्रित हिशेब असा की रोज १०.२ ग्रॅमने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पथ्याच्या परिणामावर आणखी सुमारे ७ टक्क्यांनी उतरले. याच मात्रेच्या आधारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचे विधान छापायला परवानगी दिली. २००५ च्या एका छोट्या चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) आणि १५ ग्रॅम इसबगोल यांची जोडी २० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनच्या बरोबरीची ठरली. जोडीला म्हणून उत्तम, पण यावरून स्टॅटिनची गोळी बंद करून डबा आणणे म्हणजे आकडे उलटे वाचणे. सात टक्के कुठे आणि पूर्ण मात्रेच्या स्टॅटिनने होणारी तीस ते पन्नास टक्क्यांची घट कुठे. साखरेचेही तसेच. जेवणाबरोबर घेतला तर ग्लुकोज सावकाश शोषले जाते, ज्याची साखर जास्त बिघडलेली त्याला फरक जास्त दिसतो, आणि निरोगी माणसाला जवळजवळ दिसतच नाही.

एक कमी ऐकायला मिळणारी बाजूही आहे. जुनाट बद्धकोष्ठतेबाबत अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांनी २०२३ मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शनात तंतूला ‘सशर्त’ शिफारस आहे, तर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रेचकाच्या पावडरीला ठाम. म्हणजे सुरुवात इसबगोलाने करा, पण योग्य मात्रेत महिनाभर घेऊन गाडी हलली नाही तर त्यालाच चिकटून बसू नका. ‘ती केमिकल’ म्हणून नाक मुरडली जाणारी पावडर अनेकांना जास्त लागू पडते.

चमचा, ग्लास, घड्याळ

मोठ्यांसाठी दिवसाची मात्रा ७ ते ११ ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. डब्यावर ‘एक ते दोन चमचे’ लिहिलेले असते आणि घोळ तिथेच सुरू होतो. भुसा हलका असतो. सपाट चहाच्या चमच्यात दीड ग्रॅम, शीग लावला तर अडीच-तीन ग्रॅम, आणि सपाट मोठ्या चमच्यात, म्हणजे पोहे-शिरा खायच्या चमच्याच्याही एक आकार मोठ्या १५ मिलिलिटरच्या मापात, साधारण पाच ग्रॅम मावतात. दळलेली पावडर त्याच चमच्यात जवळजवळ दुप्पट वजनाची भरते. ‘रोज एक चमचा घेतो, काही होत नाही’ म्हणणारा बहुधा दीड ग्रॅमवर असतो. ज्या अभ्यासांचे आकडे वर दिले त्यांतला माणूस बहुधा दहा किंवा त्याहून वर होता.

सुरुवात मात्र दहापासून करू नये. पहिले चार दिवस एकदाच, अडीच-तीन ग्रॅम. मग दोनदा. मग दर आठवड्याला थोडे वाढवत सात ते दहापर्यंत. एकदम वाढवले की पोट ढोलकीसारखे फुगते, आणि माणूस ‘मला सोसत नाही’ म्हणून डबा माळ्यावर टाकतो.

कृती साधी आहे, पण क्रम पाळावा लागतो. मोठ्या ग्लासात २०० ते २५० मिलिलिटर साधे किंवा गार पाणी आधी घ्यायचे. एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने भुसा भुरभुरायचा. आधी भुसा आणि वरून पाणी केले तर तळाला गोळा बसतो. अर्ध्या-एक मिनिटात पिऊन टाकायचे. ‘भिजू दे जरा’ म्हणून ठेवला तर तो ग्लासातच घट्ट होतो, घशाखाली उतरत नाही, आणि मग अर्धा ग्लास मोरीत जातो. पिऊन झाल्यावर लगेच दुसरा ग्लास पाणी. हे दुसरे पाणी ऐच्छिक नाही. गरम पाण्यात किंवा गरम दुधात भुसा लवकर फुगतो, म्हणून तिथे घाई आणखी लागते.

कोरडीच फक्की मारून वर दोन घोट पाणी पिणे हा सगळ्यांत धोकादायक प्रकार. भुसा अन्ननलिकेत चिकटून तिथेच फुगतो आणि घास अडकल्यासारखा छातीत बसतो. अशा घटनांमुळेच अमेरिकेत पाकिटावर गुदमरण्याचा इशारा छापणे सक्तीचे झाले आणि २००७ मध्ये दाणेदार स्वरूपातली इसबगोलाची रेचके तिथल्या बाजारातून हटवण्यात आली. आपल्याकडे दाणेदार मिश्रणे सर्रास मिळतात आणि ‘थेट तोंडात टाका’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात. गिळायला त्रास होणारी म्हातारी माणसे, पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे तसा त्रास असलेले रुग्ण, अन्ननलिका अरुंद झालेले लोक यांना इसबगोल कोणत्याही स्वरूपात देऊ नये.

आता आपल्या सर्वांत लाडक्या सवयीबद्दल: रात्री झोपताना गरम दुधातून. युरोपच्या औषध नियामकांचे मार्गदर्शन झोपण्याच्या अगदी आधी इसबगोल घेऊ नका असे सांगते. लगदा वर येण्याची किंवा कुठे अडकण्याची भीती आडवे झाल्यावर वाढते, आणि त्या वेळी कोणी वरून दुसरा ग्लास पाणीही पीत नाही, कारण रात्री उठावे लागेल. शिवाय परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात, पूर्ण लय बसायला दोन-तीन दिवस. ‘रात्री घेतले की सकाळी साफ’ असा सरळ हिशेब नसतो. संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, पाण्यातून घेतलेला डोस तेवढेच काम करतो. दुधाला हरकत नाही, पण दुधामुळे काम जास्त होते असेही नाही.

ढाळ लागल्यावर दह्यातून देण्याला आधार आहे, पण तो सौम्य, विनाताप ढाळीपुरता. रक्त किंवा ताप असेल तर नको. आणि ओआरएसच्या ऐवजी तर नकोच. इसबगोलाबरोबर ढाळ थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नये: आतडे संथ आणि आत फुगणारा लगदा, अशाने मार्ग तुंबू शकतो. याच कारणाने ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशी औषधे चालू असताना होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर इसबगोल हा चुकीचा उपाय आहे. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी प्रेमापोटी नेमके हेच दिले जाते. तिथे डॉक्टरांकडून वेगळे रेचक लिहून घ्यावे. तसेच मळाचा खडा आधीच गुदाशयात अडकलेला असेल, तर वरून भुसा टाकून खडा निघत नाही, फक्त मागची रांग वाढते. आधी एनिमा किंवा डॉक्टर सांगतील ते, मग इसबगोल.

इतर गोळ्यांपासून अंतर ठेवावे. नियामकांचे किमान माप अर्धा ते एक तास, पण दोन तास धरले तर हिशेब सोपा राहतो. लिथियम, कार्बामाझेपिन, डिजॉक्सिन, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आणि बी१२, खनिजे यांचे शोषण लगद्यामुळे लांबू शकते. थायरॉइडच्या गोळीचे विशेष: ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून इसबगोल सरळ संध्याकाळकडे न्यावा आणि सुरू केल्याचे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून गोळीची मात्रा पाहता येईल. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा मोजावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे दिवसाचे पाणी मोजून मिळते त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण इसबगोल सगळा पाण्याच्याच जिवावर चालतो.

पाकिटे आणि चूर्णे

चवीच्या पाकिटांची पडताळणी मागच्या बाजूने करावी. एका पाकिटात भुसा किती ग्रॅम, हा एकच आकडा शोधायचा. साडेतीन ग्रॅमच्या आसपास असेल तर रोजची दोन-तीन पाकिटे लागणार, आणि किंमत त्या हिशेबाने साध्या डब्याच्या कितीतरी पट पडते. काही गोड डब्यांत भुशापेक्षा साखरेचे वजन जास्त असते, आणि मधुमेही माणूस ते ‘फायबर’ म्हणून निश्चिंत मनाने घेत राहतो. बिनसाखरेच्या पाकिटांत बऱ्याचदा अस्पार्टेम असते. कॅप्सूल दिसायला सुटसुटीत, पण एकीत साधारण अर्धा ग्रॅमच मावतो. दहा ग्रॅमसाठी वीस कॅप्सूल आणि प्रत्येक दोन-चारांमागे पाणी. यापेक्षा ग्लास बरा. पाकिटांचा खरा फायदा एकच: मात्रा मोजलेली मिळते आणि एसटीच्या प्रवासात बॅगेत सांडत नाही.

चूर्णांच्या घटकांच्या यादीत सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री किंवा सेन्ना यांपैकी कोणताही शब्द दिसला की एकच वनस्पती समजावी. निशोत्तर ही वनस्पती वेगळी, पण तीही रेचकांच्याच पंक्तीतली. सोनामुखी मोठ्या आतड्याच्या मज्जातंतूंना डिवचून त्याला आकुंचन पावायला लावते. आठ-दहा तासांत पोट साफ होते, म्हणून ‘हे लागू पडले, इसबगोल नाही पडला’ असा समज होतो. सोनामुखी निकामी नाही, थोड्या दिवसांसाठी चांगले औषध आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त सलग घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून. रोजच्या वापराने पोटॅशियम उतरू शकते, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना तो उतार जास्त जाणवतो. वर्षानुवर्षे रोज रात्री चूर्ण घेणारी माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण ‘फक्त इसबगोलाचे मिश्रण’ घेतो असेच वाटते.

डब्याच्या आकाराबद्दल. दिवसाला दहा ग्रॅम धरले तर १०० ग्रॅमचा डबा दहा दिवसांत संपतो, पाच ग्रॅम धरले तर वीस. मोठा डबा ग्रॅमामागे स्वस्त पडतो, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडलेला भुसा हवेतले पाणी ओढून गोळे धरतो. जून ते सप्टेंबर लहान डबा आणून घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावा, आणि चमचा कोरडाच आत घालावा. ओतताना धूळ नाकात जाऊ देऊ नये. वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत रोज ही पावडर हाताळणाऱ्यांना तिची ऍलर्जी होऊन दमा झाल्याच्या नोंदी आहेत. भुसा मिसळताना शिंका, डोळ्यांना खाज किंवा धाप लागत असेल, तर त्या माणसाने तो खाऊही नये आणि दुसऱ्यासाठी कालवूही नये.

पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागले, वजन कारणाशिवाय उतरले किंवा हिमोग्लोबिन खाली आले, तर डबा आणण्याआधी तपासणी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर इसबगोल हातातही धरू नये, थेट रुग्णालय गाठावे.